ठराविक अक्षरं असलेले लांब इंग्रजी शब्द सापडत नाहीत? आधी हे तपासा

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एक खेळ छान रंगतो. स्टेशन आलं की पाटीवरच्या नावातली इंग्रजी अक्षरं घ्यायची आणि ती सगळी ज्यात आहेत असा जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधायचा. आमच्या सोसायटीत शनिवारी मुलांसाठी मी हाच खेळ घेते. मुलं आधी कागदावर डोकं चालवतात आणि मग लॅपटॉपवरच्या शब्दयादीत पडताळून बघतात. पडताळणीला बसलं की दर वेळी तेच होतं. कधी निकाल शून्य येतो. कधी शेकडो शब्द येतात आणि त्यातले बहुतेक भलतेच असतात. कधी एखाद्या मुलीने स्वतः शोधलेला, अगदी बरोबर असलेला शब्द यादीत नसतो आणि ती हिरमुसते. घरी करून बघणारे पालकही याच अडचणी विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

तुम्ही नक्की काय विचारताय?

"ही अक्षरं असलेला शब्द" एवढं म्हटलं तरी त्यात चार निरनिराळे प्रश्न असतात. मनात एक असतो आणि यादीला आपण दुसराच विचारतो. माझ्या बघण्यातल्या निम्म्याहून जास्त अडचणी इथेच सुटतात, त्यामुळे हा भाग घाईने वाचू नका. ठाण्याचंच नाव घेऊ: टी-एच-ए-एन-ई.

अक्षरं याच क्रमाने, एकमेकांना चिकटून हवी आहेत का? तसं असेल तर निकालात सगळं रसायनशास्त्र येतं. ईथेन, मिथेन, पॉलियुरेथेन या तिन्हींच्या स्पेलिंगचा शेवट टी-एच-ए-एन-ई असाच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना हे शब्द नवे नाहीत. डीडीटीचं पूर्ण नाव डायक्लोरोडायफेनिलट्रायक्लोरोइथेन. त्याच्या स्पेलिंगमध्ये 31 अक्षरं आहेत आणि त्याचाही शेवट हाच.

की क्रम कसाही चालेल, मध्ये इतर अक्षरं आली तरी हरकत नाही, फक्त पाचही अक्षरं शब्दात कुठेतरी असली पाहिजेत? मग पँथर येतो, एलिफंट येतो, एनचांटमेंट येतो, अॅनेस्थेटिक येतो. लोकलमधल्या खेळाचा प्रश्न हा आहे.

तिसरा प्रश्न स्क्रॅबलवाल्यांचा. हातात एवढीच अक्षरं आहेत, प्रत्येक एकदाच वापरायचं, बाहेरचं एकही घ्यायचं नाही. मग हीट, नीट, हेट, देन असे आखूड शब्दच निघणार, आणि पाच अक्षरी म्हणून खुद्द थेन, म्हणजे जुन्या स्कॉटलंडमधला सरदार. यात लांब शब्द मिळत नाही म्हणून यादीला दोष देऊन उपयोग नाही, पाच अक्षरांतून सहावं येणार कुठून?

चौथ्या प्रश्नात अक्षरं तीच, पण कितीही वेळा वापरायची मुभा. इथे गंमत येते. हीदन हा सात अक्षरी शब्द पूर्णपणे याच पाच अक्षरांत बसतो: एच-ई-ए-टी-एच-ई-एन. अँटेनाचं अनेकवचन अँटेनी तर आठ अक्षरी: ए-एन-टी-ई-एन-एन-ए-ई. मात्र "पाचही अक्षरं वापरलीच पाहिजेत" अशी अट असेल तर अँटेनी बाद होतो, कारण त्यात एच नाही. हीदन टिकतो.

आता तक्रार पुन्हा बघा. "अक्षरं टाकली, एलिफंट आलाच नाही." अक्षरं जुळवून शब्द देणारी बरीचशी साधनं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि विचारणाऱ्याच्या मनात दुसरा असतो. त्या साधनात एलिफंट कधीच येणार नाही, कारण एल आणि पी तुम्ही दिलेलेच नाहीत. अशा वेळी पर्यायांत "कंटेन्स" किंवा "इन्क्लूड्स" असा वेगळा रकाना आहे का ते शोधा आणि अक्षरं तिथे टाका. त्यातही काही ठिकाणी अक्षरं सलग धरली जातात. एलिफंटऐवजी मिथेन आला तर समजा की ते साधन पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतंय.

एकच अक्षर दोनदा आलं की

ऐरोलीच्या रोमन स्पेलिंगमध्ये आय दोनदा येतो: ए-आय-आर-ओ-एल-आय. आता शब्दात आय एकदा असून चालेल की दोनदा हवा? ओरिएंटल या शब्दात ए, आय, आर, ओ, एल सगळे आहेत, पण आय एकच. एडिटोरियलमध्ये दोन आहेत: ई-डी-आय-टी-ओ-आर-आय-ए-एल. "आय आहे का?" एवढंच विचारणारा शोध दोन्ही शब्द पास करतो. दोन मुलांच्या गटांत भांडण लागतं ते यावरूनच. आम्ही नियम केला आहे की पाटीवर जितक्या वेळा अक्षर आहे तितक्या वेळा ते शब्दात हवं. तुम्ही उलटा नियम केलात तरी चालेल, पण खेळ सुरू व्हायच्या आधी करा.

साधनात होणाऱ्या चुका

कमांड लाइन वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक चौकोनी कंसाची. ग्रेपमध्ये, म्हणजे फाइलमधल्या जुळणाऱ्या ओळी शोधून देणाऱ्या आज्ञेत, चौकोनी कंसात पाच अक्षरं लिहिली तर त्याचा अर्थ "यांपैकी कोणतंही एक" असा होतो, "ही सगळी" असा नाही. म्हणून अर्धा शब्दकोश समोर येतो. उपाय सोपा आहे. आधी टीचा शोध, त्याचा निकाल उभ्या रेघेने पुढच्या ग्रेपला, तिथे एचचा शोध, मग ए, असं एकेक अक्षर गाळत जायचं. कॅपिटल अक्षरं सुटू नयेत म्हणून ग्रेपला -i हा पर्याय लावायला विसरू नका.

एक्सेल किंवा शीट्स वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. एक्सेलच्या साध्या कस्टम फिल्टरमध्ये "कंटेन्स"च्या अटी दोनच लिहिता येतात. तिसऱ्या अक्षराला जागाच नसते आणि लोक तिथेच सोडून देतात. त्यापेक्षा शब्दाशेजारी प्रत्येक अक्षरासाठी एक रकाना करा. त्यात त्या शब्दात ते अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं: शब्दाची लांबी, वजा ते अक्षर काढून टाकल्यावर उरलेली लांबी. लांबीसाठी लेन आणि अक्षर काढायला सब्स्टिट्यूट. सब्स्टिट्यूट लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतं, म्हणून शब्द आधी लोअरमधून काढा, नाहीतर कॅपिटलने सुरू होणारे शब्द चुपचाप निसटतात. या पद्धतीत ऐरोलीचा प्रश्नही आपोआप सुटतो, आयच्या रकान्यात "दोन किंवा जास्त" असा फिल्टर लावला की झालं. शेवटी लांबीच्या रकान्यावर उतरत्या क्रमाने सॉर्ट करा.

आणि न दिसणारी अक्षरं. हे सगळ्यांत छळतं, कारण पडद्यावर सगळं बरोबर दिसत असतं. पाच अक्षरी शब्दाची लांबी सहा येते. किंवा "फक्त हीच अक्षरं असलेला शब्द" शोधताना सुरुवातीला टोपीचं (^, म्हणजे ओळीची सुरुवात) आणि शेवटी डॉलरचं ($, म्हणजे ओळीचा शेवट) चिन्ह लावलं की निकाल एकदम शून्य. विंडोजमध्ये बनलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं चिन्ह असतं. लिनक्स किंवा मॅकवरच्या साधनांना ते शब्दाचाच भाग वाटतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एडिट मेनूत ईओएल कन्व्हर्जन आहे, तिथून फाइल युनिक्स प्रकारची करून घ्या. एक्सेलमध्ये क्लीन हे फंक्शन ते चिन्ह काढतं. वेबपानावरून यादी चिकटवली असेल तर शब्दामागे एक खास प्रकारची मोकळी जागा येऊ शकते, जी ट्रिमनेही जात नाही आणि क्लीननेही नाही. ती एकदा कॉपी करून फाइंड-रिप्लेसमध्ये चिकटवा आणि रिप्लेसची जागा रिकामी ठेवा.

बरोबर शब्द यादीत का नसतो

सगळ्या याद्या सारख्या नसतात आणि "लांब शब्द" म्हटल्यावर हा फरक फारच जाणवतो.

स्क्रॅबलसाठी केलेल्या कॉलिन्सच्या यादीत 15 अक्षरांपेक्षा मोठा शब्दच नाही, कारण स्क्रॅबलचा पट 15 बाय 15 घरांचा. त्यामुळे इम्परटर्बेबल (13 अक्षरं) शोधायला हरकत नाही, पण इम्परटर्बेबिलिटी (16 अक्षरं) तिथे सापडण्याची आशाच नको. लांबात लांब शब्दांच्या शोधाला स्क्रॅबलची यादी घेतली की वरची पायरी आपणच कापून टाकतो.

मॅकमध्ये आधीपासून एक शब्दयादी असते. ती 1934च्या वेब्स्टरच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कोशावरून आलेली आहे. शब्द दोन लाखांच्या वर, पण कोशातल्या मूळ नोंदी, त्यामुळे एस लावून होणारी अनेकवचनं, ईडी आणि आयएनजीची रूपं बहुतांशी नाहीत, आणि 1934 नंतरचा शब्दही नाही. लिनक्समध्ये नेहमी मिळणाऱ्या यादीत उलट प्रकार. तिथे अॅपॉस्ट्रॉफी एस लावलेली रूपंही स्वतंत्र शब्द म्हणून असतात आणि लांबी मोजताना तो अॅपॉस्ट्रॉफीही मोजला जातो. एनेबल नावाची मोफत यादी मला मुलांसाठी सर्वांत बरी वाटते. पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द, सगळे लहान लिपीत, विशेषनामं आणि अॅपॉस्ट्रॉफी नाहीत, रूपं मात्र आहेत.

स्पेलिंगचा मुद्दा आपल्याकडे हमखास येतो. शाळेत मुलं ब्रिटिश स्पेलिंग शिकतात आणि यादी अमेरिकन असते. नेरूळची अक्षरं एन-ई-आर-यू-एल. आमच्या एका मुलीने नेबरली हा शब्द सांगितला, एन-ई-आय-जी-एच-बी-ओ-यू-आर-एल-वाय, 11 अक्षरं, उत्तम शब्द. अमेरिकन स्पेलिंगमध्ये नेमका यू गळतो, म्हणजे त्या यादीत हा शब्द असूनही नेरूळच्या गाळणीत अडकतो. अशा वेळी शब्द कोशात बघून मान्य करावा. मुलांच्या बाबतीत मी यादीपेक्षा कोशाचं ऐकते.

हाताने शोधताना अडलं तर

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा भाग. संगणकाने शब्द दिला की मुलं तो विसरतात. स्वतः काढला की वर्षभर सांगत फिरतात.

आपल्या मुलांची एक ठरलेली अडचण आहे आणि ती देवनागरीतून येते. एच द्या, मुलं ह पासून सुरू होणारे शब्द आठवतात: हाऊस, हॉस्पिटल, हॉलिडे. कारण कानाला एच म्हणजे ह. पण इंग्रजीत एच जास्त करून दुसऱ्या अक्षराला चिकटून बसतो आणि तिथे आपल्याला तो ऐकूच येत नाही, कारण आपण थ, फ, श, च एकेका अक्षराने लिहितो. एलिफंटमध्ये आपल्याला फ ऐकू येतो, पी आणि एच नाही. तुर्भेची अक्षरं घ्या: टी-यू-आर-बी-एच-ई. ह शोधत बसलात तर काही हाती लागत नाही. मी फळ्यावर फक्त टीएच, सीएच, एसएच, पीएच अशा जोड्या लिहिते आणि प्रत्येकीसमोर थांबते. सीएचवरून बुचर येतो. टीएचवरून थंडरबोल्ट, 11 अक्षरं. एसएचवरून रिफर्बिशमेंट, 13 अक्षरं: आर-ई-एफ-यू-आर-बी-आय-एस-एच-एम-ई-एन-टी. तुर्भेची सहाही अक्षरं त्यात आहेत, मोजून बघा.

तसंच स्वरांचं. अ आपण व्यंजनातच धरतो, म्हणून शब्दात ए कुठे आहे हे मुलांच्या लक्षातच राहत नाही. आणि सी हा कधी क, कधी स. उच्चारावर विसंबू नका, शब्द सुचला की स्पेलिंग लिहा आणि दिलेल्या अक्षरांवर एकेक टिंब देत जा.

दुसरी युक्ती शेपटी आधी बाजूला काढण्याची. लांब इंग्रजी शब्द बहुधा प्रत्यय लावून लांब झालेले असतात: एबल, मेंट, नेस, शन, शिप, आयएनजी. तेव्हा दिलेल्या अक्षरांत एखादा प्रत्यय दडलेला आहे का ते आधी बघायचं. बेलापूर घ्या, बी-ई-एल-ए-पी-यू-आर. सातवीतल्या एका मुलाने कागदावर हे कसं केलं ते सांगते. त्याने ए, बी, एल, ई या चारांना गोल केला आणि उजव्या टोकाला एबल लिहिलं. उरले पी, यू, आर. यू दिसल्यावर डाव्या टोकाला यूएन लिहिलं, एन आपल्या पदरचा. आता फक्त पी आणि आर, तर पुढे पीआर. कागदावर उभं राहिलं: अनप्र, मध्ये मोकळी जागा, आणि एबल. मग बाकीची मुलं एकामागून एक ओरडायला लागली. अनप्रॉफिटेबल, 12. अनप्रेडिक्टेबल, 13. अनप्रोनाउन्सेबल, 15. एका मुलीने हा साचाच सोडला आणि प्लेझरेबल सांगितला, त्यातही सातही अक्षरं आहेत. आणि अनकॉपीराइटेबल तर 15 अक्षरांचा असून त्यातलं एकही अक्षर पुन्हा येत नाही. बेलापूरची सातही त्यात आहेत.

घणसोलीला हीच युक्ती आयएनजीवर चालते. जी-एच-ए-एन-एस-ओ-एल-आय मधून आय, एन, जी बाजूला काढा. उरले एच, ए, एस, ओ, एल. त्यांचा होतो शोल, म्हणजे पाण्यातला उथळ भाग, आणि पुन्हा प्रत्यय जोडला की शोलिंग. घणसोलीची आठही अक्षरं, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. खाडी किंवा समुद्र उथळ होत जाण्याला हा शब्द वापरतात आणि घणसोलीच्या पश्चिमेला ठाण्याची खाडीच आहे. जास्त लांब हवा असेल तर हुलिगनिझम, 11 अक्षरं. अशी तंतोतंत अदलाबदल पडताळायची सोपी रीत म्हणजे दोन्ही शब्दांची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची. दोन्हींकडून ए-जी-एच-आय-एल-एन-ओ-एस असंच आलं पाहिजे.

वाशीसारख्या नावात व्ही असेल तर सुरुवात व्हीपासून करा. दुर्मीळ अक्षर आधी धरलं की शब्दांचा पसारा लगेच कमी होतो. स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत आणि व्ही फक्त दोन, त्यावरून अंदाज येईल. व्हीवरून लॅव्हिश, व्हँक्विश, मग मिसबिहेव्हियर्सपर्यंत पोचता येतं.

चॅटबॉटला विचारताय?

विचारा, पण दिलेला प्रत्येक शब्द अक्षर अक्षर तपासा. ही साधनं मजकूर अक्षरांत न वाचता शब्दांच्या तुकड्यांत वाचतात, त्यामुळे नेमकी अक्षरं मोजण्यात त्यांची चूक होऊ शकते. नसलेलं अक्षर आहे म्हणून सांगितलेलं मी मुलांसमोरच पकडलं आहे. कल्पना मिळवायला ठीक, निकाल द्यायला नाही.

पाटीवरचं स्पेलिंग आणि न सुटणारी स्टेशनं

घरातलं स्पेलिंग वेगळं, दुकानाच्या पाटीवरचं वेगळं आणि रेल्वेचं वेगळं असं आपल्या गावांच्या नावांचं होतंच. रेल्वेच्या पाटीवरचं धरायचं, एवढं ठरवून टाका.

काही नावं सगळ्या अक्षरांसकट अंगावर घेऊ नका. कोपरखैरणेमध्ये के, ओ, पी, ए, आर, एच, आय, एन, ई अशी नऊ वेगळी अक्षरं येतात, त्यात ए तीनदा आणि के, आर दोन-दोनदा. सगळं मागितलं की मुलं गप्प बसतात. अशा स्टेशनला आम्ही दुहेरी अक्षरं माफ करतो आणि नऊपैकी किती साधली त्यावर गुण देतो. पॉनब्रोकरला सात. आत्तापर्यंत सर्वांत वर आहे वर्कमनशिप, डब्ल्यू-ओ-आर-के-एम-ए-एन-एस-एच-आय-पी. आठ साधली, फक्त ई राहिला. ईसकट नऊही अक्षरं असलेला कुणाला सुचला तर जरूर कळवा, शनिवारी मुलांना सांगेन.